सातव्या मजल्यावरचे नाना

माझी आवड पहिल्यापासून वाकडी. आई म्हणायची, हिला भरिताचं वांगं आणायला पाठवू नका, वांगेवाल्याशी भांडून रिकाम्या हातानं येईल. खरंच यायचे मी तशी. शंभर वांगी उचलून, हातात तोलून, परत ठेवून. कुणी चांगलं म्हटलं म्हणून एखादी गोष्ट घ्यायची हे मला कधी जमलंच नाही, आणि ह्या हट्टाचा मला तेव्हा फार अभिमान होता. आज नाही.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी बी.कॉम. होऊन जळगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. दर शनिवारी आमच्या क्लासच्या धुळ्याच्या शाखेत जावं लागे. तिथून परत येताना आग्रा रोडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथं मी थांबायचे. दुकानदार पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्याकडे बुटाच्या खोक्यात फ्लॉप्या असत, मुंबईहून कॉपी होत होत आलेल्या. सोबत पुस्तक नाही, चित्र नाही, नुसतं चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं नाव. आत काय आहे ते घरी जाऊन लावल्यावर कळायचं.

मला हवे असायचे ते रोल-प्लेइंग गेम. म्हणजे आपणच तलवारवाला, वैद्य, जादूगार अशी माणसं तयार करायची, त्यांना नावं द्यायची आणि राक्षसांच्या मुलखात घेऊन जायचं. पण त्यातलेही सगळे मला कुठे चालायला! एकात एकटाच माणूस हिंडायचा. एकटं काय हिंडायचं, परत दिला. एकात इंग्रजीत वाक्यं टाइप करावी लागत आणि गेम दरवेळी म्हणे, तुमचं म्हणणं समजलं नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे हे सांगायला कॉलेजात बाई होत्या की, त्यासाठी मशीन कशाला? तिसऱ्यात माणूस मेला की लगेच धर्मशाळेत जागा व्हायचा, ठणठणीत. तो मी चार दिवस खेळले आणि चिडून परत दिला. म्हटलं, मेलं काय अन् झोपलं काय, सारखंच, मग जपून चालायचं कशाला?

दुकानदारानं खोक्याच्या तळातून एक फ्लॉपी काढली, पण दिली नाही. हातातच धरून ठेवली.

"ताई, हा नका नेऊ. तीन जणांनी परत आणून दिलाय. ह्यात मेलेलं माणूस मेलेलंच राहतं. कुणी मेलं की गेम स्वतःच फ्लॉपीवर लिहून टाकतो, बंद करायलाही वेळ देत नाही."

"मग द्याच," मी म्हटलं.

"न्यायचाच असेल तर रोज आधी कॉपी काढून ठेवा. मेलं की कॉपी लावायची."

"मग त्याला मरण म्हणायचं कशाला?"

त्यानं खांदे उडवले आणि फ्लॉपी कागदात गुंडाळून दिली.

तो गेम मला असा आवडला की काय सांगू! काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा, त्या म्हणजे भिंती. दहा मजल्यांचं भुयार, जमिनीखाली उतरत गेलेलं. सहा माणसांची टोळी. एक बटण दाबलं की एक पाऊल. नकाशा गेम देत नाही, आपणच ग्राफ पेपरवर पेन्सिलीनं काढायचा. एका मजल्याला तीन-तीन आठवडे लागत. घाई केली की मेलात. गावात एक देऊळ होतं, मेलेल्याला तिथं नेलं तर पुजारी एकदाच प्रयत्न करी, आणि तो फसला की यादीतून नावच पुसलं जाई. माझ्यासाठीच केलाय कुणीतरी, असं वाटलं मला.

टोळीत मी घरचीच माणसं घातली. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, ते वैद्य. आई जादूगार, कारण ती अंदाजानं मीठ टाकते आणि ते बरोबर पडतं. आणि सगळ्यात पुढे तलवार घेऊन नाना.

नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, राहायला जळगावातल्या मेहरूणला. नाना एस.टी.वर ड्रायव्हर. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायचे. चाळीसगावाहून कन्नडचा घाट त्यांनी किती वेळा चढवला-उतरवला असेल ह्याचा हिशेब नाही, पण त्या दिवाळीत दोन जिने चढून धापा टाकायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ती बदलावी लागेल, संक्रांतीच्या आत मुंबईला न्या. नाना घरी आले, जेवले आणि म्हणाले, छाती फाडू देणार नाही. आबा ओरडले, आई रडली. नाना ढिम्म.

ड्युटी बंद झाली, तसे ते दुपारी माझ्या क्लासवर येऊन बसायला लागले. दुपारी एक ते चार क्लास रिकामा असायचा. कॉम्प्युटरांना गारवा लागतो म्हणून तिथं एसी होता, चपला बाहेर काढून आत यायचं. नाना चपला काढायचे, स्टुलावर बसायचे आणि पडद्याकडे बघत राहायचे.

एकदा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ पुढे चालनारा कोन शे?"

"तुम्हीच आहात नाना."

केवढे खूश झाले! "बरोबर शे. ड्रायव्हर पुढेच बठस." मग दोन दिवस विचार करून मला म्हणाले, "दहावा मजलालोंग ली चाल माले. मंग मी जास मुंबईले."

दहाव्या मजल्यापर्यंत ने, मग मी मुंबईला जाईन. मी त्यांचा हात धरून शपथ घ्यायला लावली. माझ्या गळ्याची. ज्या माणसानं सख्ख्या भावाचं ऐकलं नाही, तो माझ्या गेमवर कबूल झाला म्हणून मी घरभर मिरवले. आई म्हणाली, "तुझंच ऐकतात बाई ते. ने त्यांना लवकर खाली." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आई विचारायची, "कितवा झाला?"

तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो.

मला इथं खरं सांगितलं पाहिजे. त्या धुळ्याच्या खोक्यात सोपे गेम होते. आठवड्यात संपणारे होते. नानांना काय, कुठलाही दाखवून "पोचलात" म्हणता आलं असतं. तेही जाऊ द्या, नुसती कॉपी काढून ठेवली असती तरी आम्ही बेधडक दौडत खाली गेलो असतो. नानांनी स्वतः विचारलं होतं, "कॉपी ऱ्हास म्हंतस ना? स्टेपनी बिगर कोनी गाडी काढस का?" मी काय म्हणाले? "नाना, मी फसवाफसवीचा गेम खेळत नाही." वा रे वा! एवढी मोठी मी.

संक्रांत आली आणि गेली. आम्ही पाचव्यावर होतो. नाना आता रस्ते सांगायचे, कारण एकदा गेलेला रस्ता हा माणूस विसरत नसे. "आठे डावीकडं. मागला खेपले आठेच तो साप निंघना व्हता." मी नकाशात बघायचे, तर बरोबर. दर दुपारी बसता बसता विचारायचे, "बठ्ठा जिता शेतस ना?" सगळे जिवंत आहेत ना? मी म्हणायचे, हो. मग पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवायचे. पाय सुजायला लागले होते. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मला तो दिसायचा आणि मी पडद्याकडे बघायचे.

घरात नाना आता उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपत. त्यांचा श्वास ऐकू यायचा, घरात कुठेही असलं तरी. आमच्या दाराशी एक कुत्रं येऊन रडायला लागलं, आईनं त्याला काठीनं हाकललं, ते परत आलं. शेजारच्या काकू बघायला म्हणून आल्या आणि नानांना बघून नको तितक्या गोड बोलल्या. आबांनी एकदा मला अंगणात गाठून म्हटलं, "किती राहिलं तुझं ते?" मी म्हटलं, "झालंच आबा, तीन-चार मजले." आबा नुसते माझ्याकडे बघत राहिले.

शिमग्याच्या आठ दिवस आधी नानांना फार धाप लागली म्हणून ते क्लासवर आले नाहीत. त्यांच्याशिवाय खेळायचं नाही असं ठरलं होतं. पण सातव्या मजल्यावर एक दार आदल्या दिवशी अर्धवट राहिलं होतं आणि माझ्याच्यानं राहवेना. फक्त दारापलीकडे काय ते बघू, म्हटलं. एक पाऊल टाकलं. पलीकडे काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही, चार ओळी पडद्यावर आल्या आणि पाचव्या ओळीत इंग्रजीत आलं की नाना मेले. फ्लॉपीचा दिवा लाल लागला, घर्र घर्र झालं. लिहून टाकलं त्यानं. मी स्विचकडे हात नेईपर्यंत दिवा विझलासुद्धा.

देवळात नेलं. पुजाऱ्याचा प्रयत्न फसला. यादीत पाच नावं राहिली.

मी उठून तडक घरी गेले, नाना काय करताहेत ते बघायला. ते खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. मला बघून म्हणाले, "काय व माय, लवकर उनी?" मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, किती तरी वेळ धुतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच नावाचा नवा माणूस तयार केला. पहिल्या पायरीचा, हातात साधी काठी. तो सातव्या मजल्यावर एक पाऊल टिकला नसता, म्हणून त्याला वाढवायला पुन्हा पहिल्या मजल्यापासून हिंडवणं आलं. नानांना सांगितलं, सातव्याचा नकाशा चुकला, वरून एक दुसरी वाट आहे म्हणतात, ती शोधू. नाना बसले. दोन वळणं झाली आणि म्हणाले, "हाऊ रस्ता तं व्हई गयथा ना?"

"नाही नाना, सारखा दिसतो फक्त."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग "बरं" म्हणाले. पण त्या दिवसापासून, सगळे जिवंत आहेत ना, हे विचारायचं त्यांनी बंद केलं. मला ते बरंच वाटलं, खोटं बोलायला नको म्हणून. अक्कल तेवढीच.

असे दोन महिने गेले. आणि आखाजी आली.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. मातीची घागर, वर लहान भांडं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी. वर्षभरात कुणी गेलं असेल तर त्याची पहिली घागर चुकवायची नाही. चुकली तर तो तहानेला दारात उभा राहतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आमच्या घरी दोनच घागरी असत, आजी-आजोबांच्या.

मी बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर शिकवणारी पोरगी. पण गेले दोन महिने मला दारात कुणीतरी उभं दिसायचं. फ्लॉपीवरचे नाना मेले होते, माझ्या हातानं मेले होते, आणि त्यांचं कुणी काही केलं नव्हतं. त्यांना त्यांचं दिलं की ते ह्या नानांना न्यायला येणार नाहीत, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी कुंभाराकडून एक लहान घागर आणली आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाआड भरून ठेवली. वर डांगर, एक सांजोरी. हात जोडले.

आई राख टाकायला मागे गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली.

"ही कोणाची? घरात मेलं कोण?"

आबा आले. आईनं माझा दंड धरला. "बोल कार्टे! कोणाच्या नावाची भरलीस?" मी नानांच्या खोलीकडे बघितलं, बास, तेवढ्यानं तिला कळलं. तिचं तोंड पांढरं पडलं. "जित्या माणसाची घागर! आज, सणाच्या दिवशी! अगं, तुझ्या हाताला किडे पडले का!" आणि एक सणसणीत कानाखाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा. मी रडलेसुद्धा नाही. बरोबरच होतं ते.

नाना भिंतीला धरून धरून मागच्या दारापर्यंत आले होते. म्हणाले, "वहिनी, पोरीले मारू नका." मग हळूहळू खाली उकिडवे बसले. डांगर उचलून बाजूला ठेवलं, सांजोरी बाजूला ठेवली. वरचं भांडं काढलं. लहानशी घागर दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि घटाघटा पाणी प्याले. आई "नका हो भाऊ, नका" म्हणत राहिली. गळ्यावरून पाणी सदऱ्यावर सांडलं.

"गार शे," म्हणाले. मग मला विचारलं, "कोन्ता मजलावर मरनू मी?"

"सातव्या."

"कधी?"

"शिमग्याच्या आधी."

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळला अशी. "माले माहीत व्हतं," म्हणाले. मग आईकडे वळून, तिला समजावं म्हणून नीट सावकाश बोलले, "वहिनी, मेल्याची खोटी बातमी उठली म्हणजे आयुष्य वाढतं ना? मग? माझं तर क्रियाकर्मसुद्धा झालं. बांधा माझी पिशवी. जातो मी मुंबईला."

कोण रडलं, कोण हसलं, काही विचारू नका. आईनं त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मला जवळ घेऊन तोच गाल कुरवाळला. त्या दिवशी आम्ही आमरस-पुरणपोळी पोटभर खाल्ली. सगळं बरं होणार असं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं, मला तर सगळ्यांत जास्त.

आठवड्याच्या आत आबा, मी आणि नाना मुंबईच्या दवाखान्यात होतो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो उजेडात धरून बघितला, जळगावची चिठ्ठी वाचली. मग चिठ्ठीवरची तारीख पुन्हा वाचली.

"हे दिवाळीत सांगितलं होतं तुम्हाला?"

आबा म्हणाले, "हो."

"मग सहा महिने काय करत होता तुम्ही?"

आबांनी मान खाली घातली. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की मी, मी थांबवलं ह्यांना, मला सोपा गेम आवडत नव्हता. आणि त्याच्याही खालचं, की मला तो संपायलाच नको होता. ती एसीतली दुपार, स्टुलावरचे नाना, आठे डावीकडं, ते सगळं संपलं असतं, म्हणून मी मुंगीच्या पावलानं चालले. पण माझी जीभ उचललीच नाही.

नाना म्हणाले, "ड्युटी होती साहेब. रजा मिळत नव्हती."

डॉक्टरांनी नंतर आबांना बाहेर बोलावून सांगितलं. हृदय फार फुगलंय. आता टेबलावर घेण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर लगेच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. गोळ्या लिहून देतो.

आम्ही परत आलो. मी फ्लॉपी तोडून टाकायची ठरवली होती, खरंच. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता क्लासचं दार उघडलं. नाना चपला काढत होते, एका हातानं चौकट धरून. स्टुलापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. बसले, दम खाल्ला, आणि पडद्याकडे बोट केलं.

"लाव," म्हणाले. "आते काय घाई नही."

पोळ्याच्या दोन दिवस आधी नाना गेले. आम्ही नवव्या मजल्यावर होतो.